चाकावरचं बिऱ्हाड आणि पुसेगावचा मुक्काम

पुसेगाव असं नाव काढलं, की बहुतेकींच्या डोळ्यांपुढे सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं पुसेगाव उभं राहतं. सेवागिरी महाराजांचा रथ, त्यावर भाविकांनी वाहिलेल्या नोटा, मार्गशीर्षातली मोठी यात्रा. पण मैत्रिणींनो, आज मी सांगणार आहे ते पुसेगाव निराळं. हे मराठवाड्यातलं, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातलं. फोनवरच्या नकाशात नुसतं 'पुसेगाव' घातलंत, तर तो तुम्हाला खुशाल साताऱ्याच्या वाटेला लावील. तेव्हा पुढे 'हिंगोली' हा शब्द जोडायला विसरू नका.

आता तुम्ही विचाराल, तिथे काय आहे पाहायला? प्रवासाच्या पुस्तकात शोधाल तर या भागातली दोनच नावं आधी पुढे येतात, नर्सी नामदेव आणि औंढा नागनाथ. पुसेगाव हे आमच्या लेखी मुक्कामाचं आणि कामाचं गाव होतं. घर गाडीत घालून जेव्हा आपण हिंडतो, तेव्हा पाहायची गावं वेगळी आणि कामं उरकायची गावं वेगळी ठेवावी लागतात. देवळाच्या दारात गॅसची टाकी शोधत फिरू नये आणि किराणा दुकानापुढे गाडी लावून दर्शनाची घाई करू नये. हे ज्या घराला जमलं, त्या घराचा प्रवास सुखाचा.

घर गाडीत घालून हिंडणं ही काही आजची नवलाई नाही बरं का. आपल्या आज्या-पणज्या बैलगाडीला तट्ट्या बांधून जत्रेला जात. गाडीत पिठाचा डबा, तव्याचं बोचकं, कंदील आणि पोरं. आषाढीच्या दिंडीमागून चालणारा सामानाचा ट्रक अन् पाण्याचा टँकर पाहिलात, तर तेही चाकावरचं बिऱ्हाडच. आताच्या नव्या गाड्यांत झोपायच्या फळ्या असतात, लहानसा ओटा असतो, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात संडासही असतो. तिला कॅरॅव्हॅन म्हणतात. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने अशा प्रवासासाठी खास धोरणही मंजूर केलं. त्यात गाड्या आणि त्या उभ्या करायच्या जागा, म्हणजे पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेले तळ, या दोन्हींचा विचार आहे. मात्र असे तळ गावोगाव झालेले नाहीत. लहान गावात आपली सोय आपणच, चार माणसांना विचारून करायची असते. आणि घरच्याच जुन्या गाडीत ओटा-फळ्या बसवून घ्यायचा विचार असेल, तर आधी आर.टी.ओ.ची परवानगी घ्या. सुतार बोलावण्याआधी हे काम.

आता या सगळ्यात बायकांसाठी एक मेख आहे. घराला कुलूप लावून निघालो तर घरकाम कुलपाआड राहतं. घर बरोबर घेऊन निघालो, तर तेही शेजारच्या सीटवर बसून येतं! केर तोच, भांडी तीच, 'आई, माझा दुसरा मोजा कुठंय' तोच. फरक एवढाच, की ओटा दोन फुटांचा आणि नळ म्हणजे बादलीला लावलेली तोटी.

आमच्याच गाडीचं सांगते. आम्ही पाच माणसं होतो. हे, मी, दोन मुलं आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाई. पुसेगावला यायच्या आधी दोन ठिकाणी एकच गोष्ट घडली होती. मंडळी देऊळ बघायला गेली आणि मी गाडीपाशी 'तेवढं आवरून घ्यायला' थांबले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. डाळ शिजायची होती, टॉवेल वाळायचे होते, गाडीत सामान होतं. पण घरी परतल्यावर कुणी विचारलं असतं, 'काय काय पाहिलंस?' तर मी काय सांगणार होते? टॉवेल?

म्हणून पुसेगावला सकाळी चहा पिताना जेव्हा यांनी सहज म्हटलं, "आईला अन् पोरांना मी नर्सी दाखवून आणतो, तू तोवर इथलं बघ," तेव्हा मी कपबशी खाली ठेवली आणि वहीचं पान फाडलं. भांडण नाही केलं. कामांची यादी केली. अकरा कामं निघाली. ती मी सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारला, "हे आज नाही केलं तर काय बिघडेल?"

तुम्हीही एकदा हा प्रयोग करून पाहा, प्रवासात काय आणि घरी काय. अकरातली सात कामं अशी गळून पडली की बोलायची सोय नाही. चादरी धुणं, गाडीचा पत्रा पुसणं, इस्त्री, डबे घासून उन्हात घालणं, यातलं काही न झाल्याने कोणाचं अडणार नव्हतं. उरली ती चार. पाणी, दळण-किराणा, गॅस आणि सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या. ही मात्र टाळण्यातली नव्हती. गोळ्यांची तर शेवटची पट्टी चालू होती.

मग चार कामं चौघांत वाटली. दहाच्या आत उरकायची आणि सगळ्यांनी मिळून निघायचं, असं ठरलं. सासूबाईंना म्हटलं, "तुम्ही गाडीत बसून नुसती देखरेख ठेवा." त्या म्हणाल्या, "ते मला चाळीस वर्षांपासून येतंय."

आता एकेका कामाबद्दल सांगते, कारण तुम्ही निघालात तर हीच कामं तुमच्याही पुढे येतील.

पाणी. पाच माणसांना नुसतं पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला पंचवीसेक लिटर पाणी लागतं. भांडी, हात-तोंड, संडास धरला, तर शंभर लिटरची टाकी दीड-दोन दिवसांत कोरडी पडते. कपडे धुवायला काढलेत तर त्याच दिवशी. पण मराठवाड्यात पाणी मागताना शहरातला नळ डोक्यातून काढून टाकावा लागतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, हे आपण सगळ्यांनी वाचलं आहे. पाऊस बरा झालेल्या वर्षीही इथल्या बाईला घागरीची किंमत माहीत असते. म्हणून कुणाच्या बोअरला परस्पर पाईप लावू नये. घरच्या बाईला विचारावं, किती हवं ते आकडा सांगून विचारावं, आणि पिण्याचं आधी, वापराचं नंतर, अशा क्रमाने घ्यावं.

हे कॅन घेऊन गेले तर दारातल्या मावशी म्हणाल्या, "घ्या की, पाण्याला काय नाही म्हणायचं! पण लाईन येऊ द्या. लाईन आली की मोटार चालू करते." तोवर बसायला घोंगडी आली, चहा आला. पाण्याचे पैसे विचारले तर त्यांना राग आला. म्हणून आम्ही जवळची फळांची पिशवी त्यांच्या नातवाच्या हातात दिली. पैसे पुढे करण्यापेक्षा हे बरं. प्रवासात अशी एक पिशवी जास्तीची ठेवावीच.

पाणी घेण्याइतकंच सांडपाणी टाकणं महत्त्वाचं. भांड्यांचं खरकटं पाणी रस्त्याच्या कडेला सोडून देणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. गाव आपलं नाही म्हणून असं करायचं का? भांडी आधी कागदाने किंवा राखेने पुसून घेतली तर निम्म्या पाण्यात होतात. आणि उरलेलं पाणी विचारून एखाद्या झाडाच्या आळ्यात किंवा शोषखड्ड्यात सोडावं. विहिरीजवळ, हातपंपाजवळ, ओढ्यात कधीही नाही. संडासाची टाकी तर जिथे मोठ्या सार्वजनिक शौचालयाची सोय आहे तिथेच, तिथल्या माणसाला सांगून रिकामी करावी.

दळण. पीठ घरून भरून आणू नका, धान्य आणा. विशेषतः ज्वारीचं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते आणि दोष मात्र आपल्या हाताला येतो. दोन-तीन दिवसांपुरतं दळून घ्यावं. गिरणीत शिरताना आपल्या आधी कशाचं दळण झालं ते विचारून घ्या. मिरचीच्या नाही तर हरभऱ्याच्या मागोमाग आपली ज्वारी पडली की पंचाईत! गिरणीत आणखी एक फायदा असतो. गावाची खरी माहिती तिथे मिळते. भाजी कुठे ताजी, नर्सीची एस.टी. किती वाजता, रात्री गाडी कुठे उभी करणं बरं, हे सगळं मला एका दळणाच्या वेळात कळलं. "शाळेच्या मैदानापाशी नका लावू, मोकळी कुत्री लई. वस्तीतच लावा, देवळाकडच्या अंगाला," असं एका ताईंनी आपणहून सांगितलं. असा सल्ला कुठल्याही नकाशात मिळत नाही.

किराण्यात हाव धरू नये. तेल, मीठ, गूळ, शेंगदाणे, तूरडाळ, बस्स. हा सगळा पट्टा सोयाबीन, कापूस, तूर आणि हळदीचा. तूरडाळ इथली घ्या, घरी नेण्याजोगी असते. प्रवासातल्या जेवणाला मराठवाड्याचं धपाट्यासारखं दुसरं काही नाही. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन आणि कणीक, तिखट, मीठ, ओवा, तीळ, लसूण, भरपूर कोथिंबीर. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचं, मध्ये भोक पाडून तेल सोडायचं. सकाळी केलेली धपाटी रात्रीपर्यंत मऊ राहतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि दही असलं की ताटाची, चमच्याची गरज नाही. म्हणजे भांडी नाहीत! दही मात्र दुपारपर्यंतच संपवा. गाडीच्या हिंदकळण्याने आणि उन्हाने ते लगेच आंबतं.

गॅस. घरातली १४.२ किलोची टाकी गाडीत घेऊन हिंडू नये. ५ किलोची लहान टाकी मिळते, ओळखपत्र दाखवून घेता येते आणि पाच माणसांना पुष्कळ दिवस पुरते. गाडी चालू असताना रेग्युलेटर काढून टोपण बसवलेलंच हवं आणि टाकी उभीच हवी. चालत्या गाडीत चहासुद्धा करायचा नाही, मग सासरे मागोत की सासूबाई. शेगडी पेटवताना दार-खिडक्या उघड्या ठेवा आणि झोपताना टाकी बंद आहे का हे हाताने चाचपून पाहा. नुसतं नजरेने पाहून विश्वास ठेवू नका.

गोळ्या. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर गोळ्यांच्या नावांपेक्षा त्यातल्या औषधाचं नाव आणि किती मिलिग्रॅम, हे वहीत लिहून ठेवा. शहरातल्या दुकानात मिळणारा अमुक एक छाप गावात असेलच असं नाही. तेच औषध दुसऱ्या नावाने मिळू शकतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये हवा आणि मूळ चिठ्ठी पाकिटात. आणि आठ दिवसांच्या प्रवासाला पंधरा दिवसांच्या गोळ्या घेऊन निघणं, हा शहाणपणा सगळ्यात स्वस्त.

दहाच्या ऐवजी साडेदहा झाले, पण चारही कामं झाली. मग प्रश्न आला, मोठी गाडी हलवायची का? तिथेच आम्ही एक युक्ती केली, ती तुम्हाला सांगण्याजोगी आहे. गाडी पुसेगावातच, विचारून मिळालेल्या जागी सावलीला ठेवली आणि एस.टी.ने निघालो. मार्च २०२३ पासून एस.टी.त सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर तिकीटच नाही. आधार कार्ड दाखवलं की झालं. सासूबाई खिडकीशी बसल्या, फुकट. मी आणि मुलगी अर्ध्या तिकिटात. पूर्ण तिकीट काढलं ते यांनी एकट्यानेच, म्हणून त्यांचा सगळ्यांनी सत्कार करायचा ठरवला. शिवाय गाडी पाठीशी नसली की 'गाडीपाशी कोणीतरी थांबायला हवं' हा प्रश्नच उरत नाही. मौल्यवान वस्तू अंगावर, कुलूप पक्कं, शेजारच्या दुकानदाराला सांगून ठेवलेलं. एवढं पुरतं.

नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. जवळून कयाधू नदी वाहते, तीच पुढे हिंगोलीकडे जाते. नामदेवांचा जन्म १२७० सालचा, कार्तिक शुद्ध एकादशीचा. शिंप्याचं घर, वडील दामाशेटी, आई गोणाई. पुढे सगळं कुटुंब पंढरपूरचं झालं. १३५० मध्ये ते गेले आणि पंढरीच्या देवळाची पहिली पायरी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पण हा शिंपी पंढरीत बसून राहिला नाही. पार पंजाबात गेला, घुमानला पुष्कळ वर्षं राहिला. त्याची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. म्हणूनच नर्सीला तुम्हाला टाळकरी वारकरी आणि पगडीधारी शीख, दोघेही हात जोडताना दिसतील. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेही या नात्यामुळेच. सदानंद मोरे अध्यक्ष होते.

तिथे बसल्यावर मला मात्र आठवण आली ती नामदेवांच्या घरातल्या बायकांची. नामदेवांच्या गाथेत गोणाई आणि राजाई यांच्या नावाचे अभंगही आहेत. राजाई म्हणजे नामदेवांची पत्नी. त्यांत तक्रार आहे ती साधी आणि ओळखीची. घरधनी देवापाशी रमलाय, घरात खायला नाही, पोराबाळांकडे कोण बघणार? सातशे वर्षांपूर्वीच्या बाईच्याही वहीत कामांची यादी होतीच म्हणायची! आणि त्याच घरात जनाबाई होती. गोदाकाठच्या गंगाखेडची पोर, दामाशेटींच्या घरी वाढली, आयुष्यभर दळण-कांडण केलं. तिच्या अभंगांत देव स्वतः येऊन जात्याला हात लावतो, शेणी वेचतो, पाणी भरतो. लहानपणापासून हे आपण ऐकतो आणि 'किती भक्ती!' म्हणून गहिवरतो. पण जरा थांबून पाहा. जनीचा देव तिला 'काम टाकून देवळात ये' म्हणत नाही. तो दळणाचा दुसरा खुंटा धरतो. सकाळी गिरणीत उभं राहून आलेल्या मला हे त्या दिवशी जितकं कळलं, तितकं आधी कधी कळलं नव्हतं.

सासूबाईंना मी हे सांगितलं. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा पंढरीला गेलो, तेव्हा मी धर्मशाळेत भात शिजवत बसले होते. ह्यांनी येऊन सांगितलं, दर्शन छान झालं." एवढंच. त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण चाळीस-पन्नास वर्षं ती गोष्ट त्या विसरल्या नव्हत्या. माझ्या लेकीनेही ते ऐकलं.

नर्सीहून पुढे औंढा नागनाथ. बारा ज्योतिर्लिंगांत आठवं म्हणून आपण त्याला मानतो. गुजरातेतल्या द्वारकेजवळच्या नागेश्वराचाही तोच मान सांगितला जातो, तो वाद पंडितांकडे सोडून द्यावा. देऊळ मात्र पाहावं असंच आहे. यादवांच्या काळातलं, हेमाडपंती. बाहेरच्या भिंतीवर खालपासून थरच्या थर मूर्ती आहेत, हत्ती आहेत, देवता आहेत, नर्तकी आहेत. खालचा भाग जुन्या काळ्या दगडाचा आणि वरचं शिखर नंतरच्या बांधणीचं, हा फरक मुलांना दाखवा, त्यांना शोधायला आवडतो. औरंगजेबाच्या काळात देवळाची मोडतोड झाली आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला, असं सांगतात.

इथे एक महत्त्वाची सूचना. पिंड वर नाही, खाली तळघरात आहे. उतरायची वाट अरुंद आणि पायऱ्या उंच, वाकून जावं लागतं आणि आत हवा कोंडते. गुडघे दुखणाऱ्यांनी, रक्तदाब असणाऱ्यांनी, दिवस गेलेल्या बायकांनी गर्दीत खाली उतरण्याचा हट्ट धरू नये. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडून, दुपारच्या निवांत वेळी गेलात तर पुजाऱ्यांना विचारून सावकाश उतरता येतं. सासूबाईंनी वरूनच नमस्कार केला आणि मंडपातल्या गार दगडावर बसून राहिल्या. त्यांना तेवढंच हवं होतं.

नामदेवांची गोष्ट इथेही आहे. गुरू शोधत ते औंढ्याला आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव रागावले, तेव्हा विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. पाय नेऊन ठेवील तिथे पिंड! दुसरी गोष्ट कीर्तनाची. नामदेवांना पुढून हटवलं, ते मागे जाऊन गाऊ लागले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं. इथे नंदी समोर नसून मागच्या अंगाला आहे, त्याचं कारण लोक हेच सांगतात.

आणि याच औंढ्याजवळ, दुधाळा गावाच्या परिसरात, आता आणखी एक देऊळ उभं राहतंय म्हणा ना, विज्ञानाचं. लायगो-इंडिया नावाची वेधशाळा. दूर आकाशात कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात जी सूक्ष्म लहर उठते, ती पकडण्याचं हे यंत्र. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. अमेरिकेतल्या अशा दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. आपल्याकडच्या प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. जमीन शांत हवी, हादरे नकोत, म्हणून अशी जागा निवडतात. ते काही सहलीचं ठिकाण नाही, आत जाऊन पाहता येणार नाही. पण एस.टी.च्या खिडकीतून मुलांना त्या दिशेने बोट दाखवून सांगता येतं. आमचा मुलगा परतीच्या वाटेवर तेवढंच बोलत होता.

आम्ही गेलो तो माघाचा महिना. शेतांतून हळदीची काढणी चालू होती. ठिकठिकाणी मोठ्या कढयांत हळद शिजत होती आणि वाऱ्यावर तो मातीचा, उग्र-गोड वास येत होता. हळद शिजवून, मग उन्हात पंधरवडाभर वाळवून, नंतर फिरत्या पिंपात घासून चकचकीत करतात. गड्डे मोडून निवडायच्या कामावर बहुतेक बायकाच. बोटं पिवळी झालेली, अगदी लग्नघरासारखी. हिंगोली आणि वसमत या हळदीच्या नावाजलेल्या बाजारपेठा. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. तुम्ही आलात तर पूड घेऊ नका, हळकुंडं घ्या. चांगलं हळकुंड कडक असतं, मोडताना टणत्कार करतं आणि आत गडद केशरी दिसतं. घरी उन्हात कडक करून, कुटून, गिरणीतून दळून आणा. वर्षभराची बेगमी होते आणि भेसळीची धास्ती नाही.

पुसेगावला परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. उरलेली कामं तशीच वाट बघत होती. चादरी तशाच, डबे तसेच, गाडीचा पत्रा धुळीने माखलेला. रात्री मुगाची खिचडी टाकली. कांदा यांनी चिरला, भांडी मुलाने पुसून घेतली, पाणी मुलीने मोजून ओतलं. कौतुकाने सांगत नाही. एका दिवसात सवयी बदलत नाहीत हे मलाही ठाऊक आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोज्यासाठी हाक आलीच! पण वहीचं ते पान मात्र मी फाडून टाकलं नाही. गाडीच्या आरशाखाली टाचणीने लावलं. पुढच्या प्रत्येक मुक्कामी सकाळच्या चहाबरोबर ते वाचलं जाई.

तेव्हा मैत्रिणींनो, तुम्ही कॅरॅव्हॅनने निघा, टेम्पो ट्रॅव्हलरने निघा, नाही तर एस.टी.ने निघून धर्मशाळेत उतरा, काही गोष्टी गाठीशी बांधा. कामाचं गाव आणि पाहण्याचं गाव वेगळं ठेवा. सकाळी कामांची यादी मोठ्यांदा, सगळ्यांसमोर वाचा, कारण मनातल्या मनात केलेली यादी एकटीच्याच डोक्यावर बसते. 'आज नाही केलं तर काय बिघडेल' हे विचारा आणि उरतील ती कामं वाटून घ्या. वाटताना वयाचा, पायांचा विचार करा, बाई-पुरुषाचा नको. पाणी विचारून घ्या, सांडपाणी जपून टाका. औषधं मोजून ठेवा. गाडी सुरक्षित जागी ठेवून कधीतरी एस.टी.ने फिरा. आणि देवळाच्या दारापर्यंत गेलात तर आत जा. डाळ नंतर शिजते.